घाटापलीकडचा शब्द

"अगं, तो माणूस तुलाच हाक मारतोय का?" इत्सुकीने विचारलं.

चिनात्सुने मान वर केली नाही. नदीकाठच्या गोट्यांमध्ये तीन दगड मांडून चूल केली होती. तिच्यात ती एकेक काटकी सरकवत राहिली, जणू त्या काटक्या मोजूनच घालायच्या होत्या.

बंधाऱ्यावरून पुन्हा हाक आली. "त्सुनाझुऽऽ! ए त्सुनाझुऽऽ!"

"त्सुना?" सोसुके लाकडं फोडता फोडता थांबला. "डब्यातला टूना मासा विकायला आलाय की काय कोणी? नदीवर येऊन मासा विकतोय, धन्य आहे बाबा!"

सगळे हसले. चिनात्सुही हसली. पहिली हाक आली तेव्हाच तिने आवाज ओळखला होता. दुसऱ्या हाकेला तिने चुलीत फुंकर घातली. तिसऱ्या हाकेला मात्र उठावंच लागलं, कारण हाक मारणारा आता पायऱ्या उतरू लागला होता.

ऑक्टोबरातला रविवार होता. सेंदाईत या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांपुढे जळणाच्या मोळ्या रचलेल्या असतात. सामान विकत घेतलं की सुपरमार्केटवाले मोठं भांडं उसनं देतात. हिरोसे नदीचा काठ धुराने भरून जातो. कॉलेजची पोरं, ऑफिसातली माणसं, पाळणाघरातली चिल्लीपिल्ली, सगळे गोट्यांवर बसून इमोनी शिजवतात. इमोनी म्हणजे अळकुड्यांचा रस्सा. थंडी पडायच्या आधी एकदा तरी नदीवर बसून तो खाल्ला नाही, तर इकडच्या माणसाला वर्ष पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

पायऱ्या उतरणारा माणूस चिनात्सुचा बाप होता.

चि आणि त्सु हे दोन आवाज तिच्या गावात वेगळे राहत नाहीत. घाटापलीकडे, यामागाताच्या डोंगरात, ते दोन्ही एकाच तोंडातून एकसारखे घरंगळत येतात. आजीही तिला त्सुनाझु म्हणायची, शेजारीही म्हणायचे, आणि पहिली अठरा वर्षं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं. तिने घरात ऐकलं होतं तसंच सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "टूना?" वर्ग हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. वर्गात मुलं हसतात तसंच ते हसू होतं. पण चिनात्सु प्राथमिक शाळेची शिक्षिका व्हायला आली होती. जिला स्वतःचं नाव धड घेता येत नाही, ती पोरांना वाचायला काय शिकवणार?

त्या संध्याकाळपासून खोलीतल्या आरशापुढे तिचा सराव सुरू झाला. जीभ दातांमागे कुठे टेकते, ओठ किती उघडतात, हे ती बघत राही. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागोमाग ती वाक्यं म्हणे. तीन महिन्यांत नाव जमलं. सहा महिन्यांत वाक्यं जमली. दुसऱ्या वर्षी, सकाळी ती ज्या बेकरीत काम करायची तिथे एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, "तोक्योची का गं तू?" त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःसाठी चेस्टनटचा केक घेतला आणि खिडकीत बसून एकटीनेच खाल्ला.

गुरुवारी फोनवर ती आईला एवढंच म्हणाली होती, की रविवारी इमोनी आहे आणि इथल्या दुकानातल्या अळकुड्या अगदी दगड असतात.

"हां, हितंच हायस व्हय!" बा खाली आला. एका खांद्यावर पोतं होतं, दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचं हे एवढं भांडं. पायात रबरी बूट, डोक्याला शाळेच्या स्वयंपाकघरातली पांढरी टोपी. गाड्या लावायची जागा पुलापलीकडे होती. तिथून हे सगळं तो एकटा उचलून घेऊन आला होता. "काल सांजच्याला काढल्या. माती बी वली हाय अजून."

त्याने पोतं ठेवलं, भांडं ठेवलं आणि तो एका मोठ्या दगडावर बसला. बसला म्हणजे जवळजवळ पडलाच. ओठांना रंग नव्हता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "कोवाई. आज लई कोवाई."

सोसुकेने कुऱ्हाड खाली ठेवली. "काका, भीती कशाची वाटली? आम्ही काय खातो का तुम्हाला?"

"सोसुकेचं तोंड बघून भल्याभल्यांना वाटते काका," इत्सुकी म्हणाली. "तुमचा काही दोष नाही त्यात."

पुन्हा हशा झाला. सोसुके साइतामाचा, इत्सुकी योकोहामाची, दोघंही तोक्योकडचे. त्यांच्या बोलीत, पुस्तकांत, टीव्हीवर, सगळ्या देशात कोवाई म्हणजे 'भीती वाटते'. घाटापलीकडे कोवाई म्हणजे 'दमलो, अंगात त्राण उरलं नाही'. शेतातून आलेला माणूस ओसरीला टेकून कोवाई म्हणतो. ताप आलेलं मूल कोवाई म्हणतं. आजी शेवटच्या थंडीत रोज म्हणायची.

बा बावरून हसला. ही पोरं कशाला हसतायत ते त्याला कळलं नव्हतं. आणि मग सगळ्यांनी चिनात्सुकडे बघितलं. पाहुण्याचं बोलणं कळलं नाही की आपण घरच्या माणसाकडे बघतो ना, तसंच.

एक वाक्य पुरलं असतं. 'आमच्याकडे कोवाई म्हणजे दमलो.' त्यापुढे कुणी विचारलं असतं, 'आमच्याकडे म्हणजे? तू पण असंच बोलतेस घरी?' मग त्सुनाझु म्हणजे कोण, तेही निघालं असतं. दोन वर्षं आरशापुढे घासून बसवलेलं सगळं या गोट्यांवर सांडलं असतं.

"बाबांना ना, पाण्याची भीती वाटते," चिनात्सु म्हणाली. "लहानपणी एकदा बुडता बुडता वाचले होते."

ते इतकं सफाईने आलं, इतक्या स्वच्छ शहरी उच्चारात, की तिची तीच दचकली. घरी ती त्याला बा म्हणायची. बाबा हा शब्दही तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकला.

बाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. याच माणसाचं सगळं बालपण नदीत गेलं होतं. दगडांखाली हात घालून तो मासे पकडायचा. चिनात्सु पाच वर्षांची असताना तिच्या पोटाखाली तळहात धरून त्यानेच तिला पोहायला शिकवलं होतं, आणि तळहात कधी काढून घेतला ते तिला कळूही दिलं नव्हतं.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "पाण्याला लई भ्येतो मी. पोरीनं बराबर सांगितलं." आणि उठून तो पाण्यापासून दोन हात मागच्या दगडावर जाऊन बसला.

बा कामाला लागला तशी चूल त्याची झाली. तो शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात आचारी होता. वीस वर्षं रोज साडेतीनशे पोरांना तो जेवू घालत होता, त्यामुळे कुठल्या पोराला कुठलं काम द्यावं हे त्याला विचारावं लागत नसे. इत्सुकीला त्याने अळकुड्या सोलायला बसवलं आणि आधी तिच्या हातांना मीठ चोळायला लावलं.

"मीठ कशाला काका?"

"खाजत्यात त्या. मागनं रडत बसशील आन् म्हनशील, काका मेला, सांगितलं न्हाय."

कोन्न्याकु म्हणजे सुरणाच्या जातीच्या कंदाच्या घट्ट, लिबलिबीत वड्या. सोसुके त्या सुरीने कापायला लागला तशी बाने सुरी काढून घेतली आणि हातात चमचा दिला. "कापू नको, तोड. फाटलं की रस आत शिरतो. गुळगुळीत असलं की वरनंच घसरून जातो." 

सोसुकेने दुकानातून डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, आणला होता. सेंदाईची रीत तीच; घाटापलीकडे बीफ आणि सोयासॉस. बाने पोत्यातून बीफचं पुडकं आणि सोयासॉसची बाटली काढली तसा तो ओरडला, "काका, हा अन्याय आहे! सेंदाईच्या नदीवर बीफ? बाजूच्या चुलीवरचे लोक येऊन मारतील आपल्याला!"

"मग दोन भांडी लावू की. पोट काय एकच हाय व्हय तुला?"

सोललेल्या अळकुड्या धुवायच्या होत्या. बाने चाळण उचलली, नदीकडे दोन पावलं गेला आणि थांबला. मागे वळून त्याने चाळण सोसुकेच्या हातात दिली. "तूच जा रं लेका. मला भ्या वाटतंय."

"मी आहे ना काका, काळजी नको," म्हणत सोसुके ऐटीत पाण्यात उतरला. बा काठावर उभा राहून त्याला नीट धू, खाली बघून पाय टाक, असं सांगत राहिला. चिनात्सु चुलीशी बसली होती. धूर डोळ्यांत जातोय म्हणून तिने तोंड फिरवलं. धूर दुसरीकडे चालला होता.

चौथी होती कुजि-सान; ती तेवढी काही बोलत नव्हती. ती कॉलेजात त्यांच्याहून दोन वर्षं पुढे होती, म्हणून नावामागे आदराचं 'सान'. अबोल, उंच, आणि कामाला वाघ. लांब पातीचे कांदे तिरके चिरता चिरता मधून मधून ती बाच्या चेहऱ्याकडे बघत होती. एकदा तिने पाण्याची बाटली नेऊन न बोलता त्याच्या शेजारी ठेवली.

बाचं भांडं आधी शिजलं. काळसर रस्सा, वर चरबीचे बारीक सोनेरी ठिपके, कडेने कांद्याची हिरवी पात. सोसुकेने वाडगा तोंडाला लावला आणि एक शब्द न बोलता रिकामा करून पुढे धरला. "मिसोवाल्यांनी मला माफ करावं," एवढंच म्हणाला.

"शरम वाटू दे जरा," इत्सुकी म्हणाली. तिचा दुसरा वाडगा चालू होता.

चिनात्सुने पहिला घास घेतला. अळकुडी दातांनी चावावीच लागली नाही. जिभेवर टेकली आणि चिकट, गरम, मऊ होऊन पसरली, आणि मागून मांसाचा गोडसर रस आला. दोन वर्षं ती कॉलेजच्या कँटीनमध्ये करी-राइस खात होती, रात्रीच्या जेवणाला बेकरीतला उरलेला पाव खात होती. या चवीची आठवण पोटाच्या कुठल्या कोपऱ्यात दडून बसली होती कोण जाणे. दुसरा घास, तिसरा घास. नदीवरून गार वारा येत होता, वाडग्याची ऊब तळहातातून मनगटापर्यंत चढत होती. तिला अगदी घरी बसल्यासारखं सुख वाटलं, आणि त्याच क्षणी त्या सुखाचीच लाज वाटली. असं वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरात चोरून शिरलो आहोत आणि तिथलंच जेवतो आहोत.

"काका, तुम्ही बसा ना खायला," कुजि-सान म्हणाली.

"म्या चाखलाय की, पळीनं." बाने टोपी नीट केली. "उद्या शाळा हाय. पोरं वाट बघत्यात. निघतो आता."

चिनात्सु उठायला लागली तसा त्याने हाताने खाली बस अशी खूण केली. "बस, बस. गार होईल तुझं. भांडं राहू दे हितंच, उरलेल्या रश्श्यात नूडल टाका." आणि मग सगळ्यांकडे बघून, कमरेत वाकून तो म्हणाला, "आमच्या पोरीला सांभाळून घ्या."

ती बसली. खाली बस म्हटलं आणि ती खरंच बसली, ही गोष्ट नंतर तिला सगळ्यात जास्त टोचली. पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा कठड्याला धरून उभा राहिला, आणि खाली कुणी बघत असेल म्हणून की काय, हात उंच करून हलवला.

"टाटा काका!" सोसुके ओरडला. "पाण्यापासून जपून!"

भांडी घासायला चिनात्सु आणि कुजि-सान नळावर गेल्या. कुजि-सानने वाळू घेऊन भांड्याचं बूड घासलं, बराच वेळ घासलं, आणि मग मान वर न करता म्हणाली, "तुझे वडील दमले होते ना गं?"

चिनात्सुच्या हातातला वाडगा तसाच राहिला.

"मी इवातेची. आमच्याकडेही कोवाई म्हणजे तेच. आमचे आजोबा म्हणायचे." नळाचं पाणी पडत राहिलं. "मला वाटलं तू सांगशील. तू नाही सांगितलंस म्हणून मग मी पण गप्प बसले. सांगायला मला कुणी अडवलं होतं? चार वर्षं झाली, मी पण गप्पच बसते."

चिनात्सु पळाली. ओल्या हातांनी, पायऱ्या दोन दोन चढत, पुलावरून धावत ती गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेली. तिथे बाचा छोटा ट्रक नव्हता. एक बाई मुलाच्या बुटातली वाळू झटकत होती.

संध्याकाळी सहाला तिने घरी फोन लावला.

"आत्ताच आलाय बघ," आई म्हणाली. "दीड तासाचा रस्ता, लागले चार तास. म्हनं घाटात गाडी लावून लाल पानं बघत बसलो हुतो. तुझा बा आन् पानं बघतोय! आठ दिस झाले, जिना चढताना मधीच बसतोय. दवाखान्यात चल म्हनलं की म्हनतो, पोरीची इमोनी होऊ दे आधी."

"आई, बाला दे ना फोन."

"झोपला गं. बुटासकट झोपलाय."

सोमवारी दुपारी कँटीनमध्ये चिनात्सुने सोसुके आणि इत्सुकीला सांगितलं. ताटातला भात गार होईपर्यंत तिला सुरुवात सापडत नव्हती. मग एकदम सगळं सांगितलं, कोवाई म्हणजे काय, बा पोहण्यात किती पटाईत आहे, आणि तिचं नाव घरी कसं घेतात ते. ती वाट बघत होती की आता कुणीतरी हसेल.

कुणी हसलं नाही. सोसुकेने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्याचे कान लाल झाले होते. "आणि मी त्यांना पाण्यावरून चिडवत बसलो," तो म्हणाला. "अगं, सांगायचंस ना. मी ते पोतं उचलायला गेलो असतो."

एवढंच होतं. ज्याला ती दोन वर्षं भीत होती, ते एवढंच. सोसुकेने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात बाला दवाखान्यात भरती केलं. हृदय नीट काम करत नव्हतं, फुफ्फुसात पाणी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, दोन-तीन आठवडे राहावं लागेल, जड उचलणं कायमचं बंद. शाळेच्या स्वयंपाकघरात जड उचलण्यावाचून दुसरं काही नसतं. आईने हे फोनवर सांगितलं आणि म्हणाली, तू परीक्षा सोडून धावत येऊ नको, त्यानंच सांगितलंय. चिनात्सुने तरी शनिवारच्या पहिल्या बसचं तिकीट काढलं.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, दवाखान्यातला.

"नमस्कार. मी बाबा बोलतो आहे."

क्षणभर तिला वाटलं, डॉक्टरच बोलतायत. आवाज त्याचाच होता, पण सावकाश, एकेक शब्द सुटा करून ठेवलेला. मोठ्या माणसाने पहिलीचं पुस्तक मोठ्याने वाचावं तसा.

"बा? कसा आहेस तू?" ती घरच्या बोलीत म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती या शहरात त्या बोलीत बोलत होती. कॉलेजच्या जिन्यात मुलं जात-येत होती. तिने आवाज खाली आणला नाही.

"माझी प्रकृती आता ठीक आहे. काळजी करू नये. इथे जेवण चांगले मिळते, मात्र मीठ कमी असते."

"बा, असं का बोलतोयस?"

"शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर आहेत. ते मला शिकवतात. दोन वर्षांनी तुझा पदवीदान समारंभ असेल. तेव्हा तुझे सर्व मित्र तिथे असतील. म्हणून मी आत्तापासून सराव करतो आहे."

चिनात्सु जिन्याच्या पायरीवर बसली. "बा, त्या दिवशी नदीवर मी..."

"तुझ्या मित्रांना रस्सा आवडला का?"

"आवडला. बा, ऐक ना. तू आपलं बोल. आपल्यासारखं बोल माझ्याशी."

पलीकडून बारीक खोकल्याचा आवाज, आणि त्याच सावकाश, जपून ठेवलेल्या शब्दांत तो म्हणाला, "नाही, नाही. जमते आहे मला. मास्तर म्हणतात, प्रगती आहे."

आणि मग फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.